थर्माकोलचा उजेड

डीमन या डच गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या शॉर्ट फिल्मचं शूटिंग चाललं होतं आणि मी त्यात नवऱ्याची वाट बघणारी बायको होते. दिग्दर्शक डेल्फ्टला शिकणारा एक मुलगा. त्याच्याकडे दिवा एकच, माझ्या उजव्या हाताला लावलेला. डाव्या गालावर उजेड पडावा म्हणून माझा खरा नवरा गणपतीच्या मखरातून उरलेला पांढरा थर्माकोल धरून उभा होता.

"अरे, सरळ दुसरा दिवा लाव ना," मी वैतागून म्हटलं.

"ताई, आहे तोच उजेड थर्माकोलवरून परत फिरवला की पुरतो."

मला काही कळलं नाही.

तेवढ्यात नवऱ्याला ऑफिसचा कॉल आला आणि तो थर्माकोल घेऊनच आत गेला. कॅमेऱ्याला जोडलेल्या समोरच्या स्क्रीनवर माझा अर्धा चेहरा अंधारात गेला. मी थांबले, तर दिग्दर्शक हळूच म्हणाला, "थांबू नका. आत्ता खरं वाटतंय."

आत्ता म्हणजे काय, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

नवरा परत आला, पुन्हा तिथेच थर्माकोल धरून म्हणाला, "माझ्यावाचून अडलं का काही?"

स्क्रीनवर माझे दोन्ही गाल उजळले होते आणि मी पुन्हा दाराकडे बघत नवऱ्याची वाट बघायला लागले.