उत्तर न मागणारे काका

उत्तराची वाट न पाहताही सुखानं जगता येतं, असं छातीवर हात ठेवून सांगणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आमच्या रामदासपेठेतल्या कचेरीत ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटी पहिलं चित्रं दाखवणारं मशीन आलं. तोवर आमच्या पडद्यावर फक्त हिरवी अक्षरं उमटत. आता खिडक्या उघडणार, त्यांत नकाशे दिसणार, आणि हे सगळं करणारा प्रोग्राम आम्ही लिहायचा! कचेरीतल्या तरुण मंडळींनी त्या जाडजूड पुस्तकाकडे बघूनच हात टेकले. मीही त्यांतलीच. पुस्तक उचललं ते पन्नाशी उलटलेल्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेल्या या गृहस्थानं. त्यांना सगळी कचेरी काका म्हणायची, म्हणून मीही काका म्हणत असे.

त्या खिडक्यांचं गणित काकांनी मला एका दुपारी डबा खाताना समजावलं. प्रोग्राम स्वतः काहीच काढत नाही. तो नुसत्या विनंत्या करतो. खिडकी उघड, रेघ ओढ, अमुक जागी नाव लिही. या विनंत्या एकेक करून जात नाहीत, साठत राहतात आणि मग एकदम रवाना होतात. आणि बहुतेक विनंत्यांना उत्तर येतच नाही. काम झालं, तर सगळं शांत. बिघडलं, तरच तक्रार येते, आणि तीही उशिरा, आपण दहा ओळी पुढं निघून गेल्यावर. म्हणून प्रत्येक विनंतीला नंबर असतो आणि तक्रारीवर तो नंबर लिहिलेला असतो. काका उमरेडच्या विणकरांच्या घरातले. ते म्हणाले, मागावर असंच असतं. धागा चुकतो एका जागी, डोळ्याला दिसतो वीतभर कापड विणून झाल्यावर. चूक जिथं दिसते तिथं झालेलीच नसते.

इथवर ठीक होतं. पण काकांना ही पद्धत इतकी पटली, की त्यांनी ती संसाराला लावली. आमचे शिपाई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, गुडघ्यांनी त्रासलेले. त्यांना वारंवार हाक मारणं बरं नाही म्हणून काका सकाळपासून आपली कामं एका चिठ्ठीवर साठवत आणि आठ झाली की एकदम देत: चहा, टाचण्या, पंखा हळू करणे, साहेब आले का पाहणे. गंमत अशी, की आठ होईपर्यंत चहाही अडकून राहायचा. एकदा बाराला दहा कमी असताना त्यांचं डोकं चढलं होतं, चहा हवा होता आणि चिठ्ठीवर सातच कामं होती. मी म्हटलं, अहो काका, आठवं काहीतरी लिहा! त्यांनी बराच विचार केला आणि लिहिलं, ‘खिडकीतून पाऊस येतो का पाहणे.’ एप्रिल महिना होता. शिपाईबुवांनी इमानदारीनं खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं आणि मगच चहा आणला.

आणि सांगून झालं की विसरायचं! दुकानात यादी दिली की ते उभेसुद्धा राहत नसत. परीटाला कपडे दिले, चाललेच. ‘बोंब नाही आली म्हणजे झालं समज,’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकदा त्यांचा पांढरा सदरा परीटाकडून निळसर होऊन आला, तर यांनी त्याला विचारलं, हा माझा कितवा सदरा? तो बिचारा बावचळला. आमचे साहेब चिडून केबिनबाहेर आले की बाकीचे खाली मान घालत, आणि काका शांतपणे विचारत, ‘सर, कोणत्या नंबरच्या कामाबद्दल बोलून राहिले?’ साहेबांचा निम्मा राग नंबर आठवण्यातच जिरायचा.

पण त्यांची एक गोष्ट मात्र मी मनापासून मानत आले. त्या मशीनमध्ये काही सोय केली नाही, तर एक चूक होताच सगळा प्रोग्राम जागच्या जागी मरायचा. उघडलेल्या खिडक्या, निम्मा काढलेला नकाशा, सगळं गडप. काकांना याचा विलक्षण संताप यायचा. ‘एका चुकीपायी घर पाडतेत काय गा?’ असं ते त्या मशीनला विचारायचे. त्यांनी सगळ्यात आधी काय लिहिलं असेल, तर चूक आली की ती नोंदवून पुढं चालू ठेवणारा तुकडा. आम्हां सगळ्यांना त्यांनी तो वापरायला लावला. आणि या माणसानं घरी मात्र नेमकं उलटं केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दर सोमवारी डबा संपला की काका एक निळं आंतर्देशीय पत्र लिहायचे. वरच्या कोपऱ्यात नंबर. मला वाटायचं, वर्गणी वगैरे भरत असतील. एकदा न राहवून विचारलं, तर त्यांनी पत्रच माझ्याकडे सरकवलं. नंबर होता एकशे सत्तेचाळीस. खापरखेड्याला, मुलीला. एकुलती एक मुलगी. तिनं तीन वर्षांपूर्वी एका बौद्ध घरातल्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा तिथल्या वीजकेंद्रात नोकरीला, शिकलेला, शांत. काका एका शब्दानंही बोलले नाहीत. लग्नाच्या दिवशी कचेरीत येऊन बसले. त्यांची बायको आधीच गेलेली, त्यामुळे मुलीकडून उभं राहायला दुसरं कोणी नव्हतंच. महिन्यानं त्यांना स्वतःची लाज वाटू लागली, म्हणून त्यांनी पत्रं सुरू केली. तीन वर्षं, दर आठवड्याला, खापरखेड्याला! अहो, बसनं तासाभराचा रस्ता. मला हसावं की रडावं कळेना.

पत्र वाचलं. संत्री यंदा आंबट आहेत, शेजारणीनं शेवग्याचं झाड तोडलं, मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यांची नावं काय ठेवली. मी शेवटपर्यंत शोधलं, एकही प्रश्न नव्हता. कशी आहेस, नाही. येशील का, नाही. मी विचारलं, ती काय लिहिते? ते म्हणाले, ‘तिनं काय लिहावं? मी काही मागतच नाही. तक्रार आली नाही, म्हणजे पोरगी खुशाल आहे.’ आणि चष्मा पुसायला घेतला. किती वेळ पुसत होते!

मग मात्र माझी जीभ सुटली. मी म्हटलं, काका, तुम्हीच शिकवलंत ना, मागं काय तुंबलंय कळत नसेल तर उत्तर द्यावंच लागेल असा एखादा फुसका प्रश्न पाठवायचा आणि हात बांधून बसायचं? ते उत्तर येईतो मागचं सगळं बाहेर पडतं म्हणून? मग इथं का भिता? त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं, चिकटवलं आणि पेटीत टाकायला निघून गेले. पुढच्या सोमवारी एकशे अठ्ठेचाळिसावं पत्र गेलं. त्यात शेवटी एक ओळ होती: ‘तुमच्याकडे आठवडी बाजार कोणत्या वारी असतो?’

ते दहा दिवस मी विसरणार नाही. चिठ्ठीवर कामं साठेनात. टपाल यायच्या वेळी काका जिन्यात जाऊन उभे राहायचे. उत्तराची वाट पाहणारे काका मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला ते बघवत नव्हतं. पाकीट आलं तेव्हा त्यांनी ते माझ्याच हातात दिलं. मी वाचलं.

‘बाबा, बाजार बुधवारी असतो. तुमची सगळी पत्रं मिळाली. तुम्ही पहिल्या पत्रापासून पत्त्यावर माझं माहेरचं नाव लिहिता. या वसाहतीत त्या नावाची कोणी बाई राहत नाही. त्यामुळे पत्रं पोस्टात पडून राहतात आणि दर आठवड्याला हे कामावरून येताना तिथं जाऊन सांगतात, ही माझीच बायको आहे, आणि हे माझ्या सासऱ्यांचं पत्र आहे. तीन वर्षं न चुकता आणून देतात. तुम्ही मांजरीच्या पिल्लांची नावं लिहिलीत, बाबा. यांचं नाव एकदाही लिहिलं नाहीत.’

काकांनी टेबलाच्या खणातून पत्रांचे नंबर टिपायची वही काढली आणि पहिलं पान उघडलं. एक नंबरवर बोट ठेवून बसून राहिले. म्हणाले, ‘पहिल्याच धाग्याले चुकलो वं. आन् विणतच गेलो.’

शनिवारी आम्ही दोघं बसनं निघालो, कारण त्यांना एकट्यानं जाववेना. जावयासाठी टॉवेल-टोपी घेतली होती, आणि टोपी डोक्याला लहान तर नाही होणार, हे त्यांनी मला वाटेत पाच वेळा विचारलं. मला वेगळीच धास्ती होती. नको असलेल्या घरी गेलेला माणूस ‘आम्ही जेवूनच आलो’ म्हणतो, आणि तिथंच सगळं संपतं. लेकीच्या घरी बापानं जेवू नये, ही जुनी सबबही त्यांच्या हाताशी होती. दार जावयानंच उघडलं. बारीक, सावळा मुलगा. त्यानं काकांना ओळखलं, नुसतं ‘या, बाबा’ म्हणाला आणि बाजूला झाला. काका उंबऱ्यातच थांबले. टोपी हातात चुरगळली होती.

‘जावईबापू,’ ते म्हणाले, ‘मी उपाशी आलो. मले जेवाले वाढा.’

आतून मुलगी पिठाच्या हातांनीच बाहेर आली. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. तिनं पानं घेतली आणि जावयानं वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. काका दुसरी भाकरी मागून जेवले, तिसरी जावयानं विचारायच्या आधीच वाढली. त्या घरात सगळे जेवण संपूच नये असे हळू जेवत होते, आणि मला एकदम माझ्या माहेरची आठवण आली.

काका त्या दिवशी तिथंच राहिले. मला बसपर्यंत सोडायला ते आणि जावई दोघंही आले. जावई पुढं होऊन बसची चौकशी करत होता. काका त्याच्या पाठीकडे बघत उभे होते.

‘पोरी,’ ते मला म्हणाले, ‘हे तीन वर्षं आता कोनाले मागू?’