डबा वाजवणारे

रविवारी सिंगापुरात, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटवर मुलाचे साहेब जेवायला आले, ते पिशवीत एक उशी घेऊन. ते तिला पॅड म्हणत होते, पण उशीच ती. पुढच्या महिन्यात हे आणि माझा मुलगा ऑस्ट्रेलियात रानरेडे मारायला निघाले होते. साहेब पुण्याचे, इथं वन-नॉर्थच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारे. जन्मात डासाखेरीज काही मारलं नसेल.

"काका, मोठी रायफल आहे, लाथ मारते," साहेब पॅड खांद्याला बांधून दाखवत म्हणाले. "पण हे बांधलं की कळतसुद्धा नाही."

माझी शाळा चौथीत सुटली. बंदूक मात्र सुटली नाही, हात थरथरायला लागेपर्यंत. लाथ ती मारणारच. बंदुकीचा दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट ओढायचा, गाल लाकडाला टेकवायचा, अंग जरा पुढं टाकायचं आणि धक्का अंगातून जाऊ द्यायचा. एवढी जाड उशी बांधली की दस्ता खळगीत बसत नाही, दंडावर घसरतो. मग मान पुढं काढायची आणि वरची दुर्बीण भुवईवर घ्यायची. घ्या.

खांदा काळानिळा पडतो नि उतरतो. त्याचं काय कौतुक? खरी भीती डोळ्यांची. धक्क्याच्या आधीच डोळे मिटतात, नळी खाली जाते आणि गोळी जनावराच्या पोटात शिरते. आमच्या गावाकडं भाताच्या शेतात रानडुकरं शिरायची. पोटात गोळी घेतलेल्या अशाच एका डुकरानं माझ्या चुलतभावाची मांडी फाडली. गोळी दुसऱ्याची होती, डोळे मिटून झाडलेली. भाऊ पुढं काठीवरच चालला.

तेव्हापासून गावानं एक रीत धरली. नव्या माणसाच्या बंदुकीत त्याच्या नकळत वापरलेलं काडतूस भरायचं. चाप ओढला की नुसता खट्ट आवाज. तेव्हा ज्याची नळी खाली झुकली, त्यानं त्या हंगामात बंदूक धरायची नाही. रानातलं जनावर उठवणाऱ्या हाकाऱ्यांबरोबर पत्र्याचा डबा वाजवायचा. मीही वाजवलाय. त्यात लाज नव्हती. बंदूक मिरवण्यात होती.

मी फरशी पुसायचा दांडा आणला.

"बाबा, जेवण गार होतंय," सूनबाई म्हणाली.

"होऊ दे."

मुलानं दांडा खांद्याला लावला. मी दुसऱ्या टोकाशी उभा राहिलो. "झाड" म्हटलं आणि तळहातानं टोकावर रट्टा दिला. मग पुन्हा "झाड" म्हटलं आणि हात हलवलाच नाही. त्याचे डोळे गच्च मिटले, टोक चपलांच्या कपाटाकडं गेलं.

"परत," तो म्हणाला. परत तेच झालं.

साहेब हसले.

"या, आता तुम्ही धरा," मी म्हणालो.

"नको काका, जिममुळं माझा खांदा जरा धरलाय."

"पॅड आहे की तुमचं."

ते खुर्चीतून उठले नाहीत. मला वाटलंच होतं.

"बाबा, तिकडं एवढं नसतं हो," मुलगा म्हणाला, पण दांडा अजून खांद्यालाच होता.

"बरोबर," साहेब म्हणाले. "गाईड असतो ना. आपली गोळी इकडंतिकडं लागली तर तो झाडीत जाऊन संपवतो. त्याचे पैसे पॅकेजमध्येच आहेत."

म्हणजे यांनी पोट फोडायचं आणि झाडीत शिरायला माणूस भाड्यानं. मी मुलाकडं बघितलं. लहानपणी माझ्या त्या चुलतभावाची काठी दारातून उचलून द्यायचं काम त्याचं होतं.

त्यानं दांडा भिंतीला टेकवला. "सर, मी येतो. पण रायफल धरणार नाही."

"अरे, मग एवढ्या लांब येऊन करणार काय तू?"

"डबा वाजवीन."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. सूनबाईनं त्यांना भात वाढला.