बांधणीकाकांच्या हातचं बंडल

गालिच्याचं बंडल आडवं ठेवायचं, जमिनीपासून वीतभर उंच, लाकडी फळ्यांवर. उभं केलं की ते स्वतःच्याच वजनानं चेपतं, आणि जमिनीला टेकलं की ओल पितं. एवढी अक्कल गोदामातल्या उंदरांनाही होती. साहेबाला नव्हती. त्यानं फळ्या उचलून आपल्या केबिनला भिंत करून घेतली. मग सुटीत मागचं गटार तुंबलं आणि खालच्या रांगेतली सहा बंडलं दोन दिवस त्या पाण्यात पडून राहिली.

बांधणीकाकांनी दार उघडलं आणि आधी नाकाला रुमाल लावला. एकतीस वर्षं ते इथे माल बांधत होते. त्यांची बांधणी इतकी चोख, की गिऱ्हाईक बंडल न फोडताच पोचपावतीवर सही करी. आणि एकदा सही झाली की माल परत घ्यायचा नाही, हा गोदामाचा नियम.

"वरून पुसा, नवा कागद गुंडाळा, पट्ट्या मारा," साहेब दारातूनच म्हणाला. आत यायला त्याला घाण वाटत होती. "बालवाडीचा माल आहे. आजच गेला पाहिजे."

"साहेब, गटाराचं पाणी आहे हे. लहान पोरं लोळणार त्याच्यावर."

"तुम्हाला जमत नसेल तर सांगा. दुसरा माणूस बघतो."

चोर तो चोर, वर शिरजोर! पण घरी बायको अंथरुणाला खिळलेली, आणि साठीच्या माणसाला नवं काम देतंय कोण? काकांनी शिवी गिळली आणि बांधायला बसले. बोटांना बुळबुळीत काहीतरी लागत होतं. एका बंडलाच्या पोकळीत झुरळं वळवळत होती. काकांनी ती झटकली आणि पट्टी मारली.

सहाव्या बंडलाचं एक टोक मात्र त्यांनी मुद्दाम उघडं सोडलं. वास सुटेल, बालवाडीच्या बाई नाक मुरडतील, बंडल फोडून बघतील आणि सगळा माल परत धाडतील. सापही मरेल, काठीही तुटणार नाही. काकांना जरा बरं वाटलं.

संध्याकाळी ट्रकवाला पोचपावती फडकवत आला.

"बाईंनी उघडूनसुद्धा पाहिलं नाही, काका! बांधणी तुमची म्हटल्यावर उभ्या उभ्या सही केली. शाळा सुरू होईपर्यंत बंडलं आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं."

काकांनी पावती हातात घेऊन सही तपासली.

"अन् एका बंडलाचं टोक सुटलं होतं हो तुमचं. वासही मारत होतं जरा. मग काय, गाडी बाजूला घेतली आणि मीच पट्टी मारली, चांगली तीन पदरी. एकतीस वर्षांच्या तुमच्या नावाला माझ्या गाडीत बट्टा लागू देईन होय?"

शाबासकीसाठी तो हसत उभा होता.

"बरं केलंस, बाबा," काका म्हणाले, आणि त्यांना साहेबापेक्षा स्वतःच्या जिभेची जास्त किळस आली.