रफीकची किक आणि एकलहऱ्याचा धूर

माझ्या मयताला एवढी माणसं येणार नाहीत, हे आज कबरस्तानात मला पक्कं कळलं.

आमचा रफीक गेला. नाशिकरोडचा किकवाला रफीक.

डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, तरी मनात आलंच. बघा, इथंही हाच पुढे!

तरुणपणी आम्ही एकाच फुटबॉल टीममध्ये. तो मागे फुलबॅक, मी मधे हाफबॅक.
आमच्या गोलकीपरच्या पायात दम नव्हता, म्हणून गोल-किक रफीक मारायचा.

मी मॅचभर पळायचो. छातीचा भाता व्हायचा.
हा मात्र कमरेवर हात ठेवून उभा. किक मिळाली की सावकाश यायचा, मान वर करून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमणीचा धूर बघायचा, आणि धाडकन मारायचा.

बॉल आभाळात.
पब्लिक येडी. "रफीक! रफीक!"

आणि तो बॉल खाली उतरेल तिथं कोण पोचायचं? मी. माझं नाव कोण घेतंय!

त्या किकवर त्याला कंपनीत खेळाडू म्हणून कायमची नोकरी लागली. टीमबरोबर गावोगाव फिरला. ब्लेझर मिळाला.
मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात.

आमची आई म्हणायची, "त्याची एक लाथ बघ, अन् तुझं जन्माचं पळणं बघ."

पोटात दुखणं म्हणजे काय, हे मला डॉक्टरनं सांगायची गरज नाही.

एकदा त्याचा पाय मुरगळला आणि किक माझ्या वाट्याला आली. मी पण ऐटीत उभा राहिलो. धूर बघितला. मारली.
बॉल आमच्याच कॉर्नरजवळून बाहेर.
बेंचवरून रफीक ओरडला, "बाळ्या, बॉलला घरी पाठवलास काय रे!"
अख्खं ग्राउंड हसलं.

मागच्या महिन्यात भेटायला गेलो. आजारी, अंथरुणावरच होता. त्याच्या अमेरिकेतल्या लेकीनं मोबाईलवर तिकडच्या फुटबॉलचा व्हिडिओ पाठवला होता. अंड्यासारखा बॉल. एक गडी येतो, लांब किक मारतो, जाऊन बसतो. त्याला पंटर म्हणतात म्हणे. बाकी काही काम नाही, आणि पगार चालू.

रफीक खोकला येईपर्यंत हसला. "देख बाळ्या! अमेरिकेत माझी पोस्ट आहे!"

सत्तरीत परत पोटात दुखलं हो. कंपनीनं दिलंच होतं, आता अमेरिकेनंही द्यावं?

म्हटलं, "पण हा धूर कुठं बघतो?"

"मी तरी कुठं बघायचो?"

"म्हणजे?"

"धूर कसला, येड्या. तुझ्याकडे बघायचो. तू ज्या बाजूला निघशील तिकडे मारायचो. समोरच्यांना कळू नये म्हणून नंतर मान वर."

"मला वाटायचं, मी बॉलमागं पळतो."

"बॉल तुझ्यामागं यायचा."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू विचार करून पळाला असतास. माझी नोकरी गेली असती ना!"

चहा घेऊन आलेल्या भाभी हसल्या. मी पण हसलो. घरी येताना रिक्षात मात्र रडलो.

आज मूठभर माती देताना सगळे म्हणत होते, "काय किक होती!"
ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, ती किक माझ्याकडे यायची!
तिथं बोलता आलं नाही. म्हणून इथं लिहिलं.

रफीक, ह्या वेळी तू आधी निघालास. मी गुडघे धरत येतोच मागून.

अल्ला तुला मोकळं मैदान देवो, मित्रा.
आणि तुझ्या गर्दीतली चार माणसं माझ्यासाठी ठेव.