ह्वा-सुकला कुणी रागावत नाही

आयर्लंडमधल्या कॉनमाराच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात बाब म्हातारीच्या तोंडून सुटलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की कोंबड्या, टपालवाला, चर्चचे फादर आणि स्वतःचा मुलगा कोलमन, सगळे एकाच मापाने झोडपले जात. तेही अस्सल आयरिशमध्ये. सुटली होती ती फक्त तिची कोरियन सून, ह्वा-सुक. तिच्याशी म्हातारी इंग्रजीत बोले, आणि इंग्रजी बोलताना बाब एकदम दुसरीच बाई होई. पाठ ताठ, हात मांडीवर, शब्द तोलून-मापून. "आज हवा बरी आहे, नाही का?" "सूप छान झालंय हं, आभारी आहे." सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

तू आणि तुम्ही हा भेद तसा इंग्रजीतही नाही आणि आयरिशमध्येही नाही. पण आपल्याला समजेल असं सांगायचं, तर त्या गावात इंग्रजी म्हणजे अहो-जाहो आणि आयरिश म्हणजे अगं-तुगं. परका चेहरा दारात दिसला की आठ माणसं वाक्याच्या मध्यात गाडी इंग्रजीवर वळवतात. परक्यासमोर आपली भाषा बोलणं म्हणजे त्याच्या देखत त्याच्याबद्दल कुजबुजणं, असं आईबापांनी शिकवलेलं. मग तो परका सहा वर्षं शेजारी राहून त्यांच्याच भाषेत मीठ मागत का असेना, उत्तर इंग्रजीतच. सभ्यपणाचा एवढा जाच मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

ह्वा-सुक मूळची वान्दो बेटावरची. तिकडचं अर्धं गाव समुद्रातल्या शेवाळावर जगतं. कोलमन तिकडे जाणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायचा, तेव्हा दोघांचं जमलं. त्याने बोटीवरची नोकरी सोडली आणि तीन वर्षांच्या लेकीला, सोर्चाला घेऊन ते त्याच्या घरी आले. आयरिश ती रेडिओवरून आणि पुढे लेकीच्या गृहपाठातून शिकली. तिची एक वही होती, डावीकडे कोरियन, उजवीकडे आयरिश. कोरियन माणूस आपल्यासारखंच क्रियापद शेवटी ठेवतो, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत तो जेवायला बोलावतोय की हाकलतोय याचा पत्ता लागत नाही. आयरिश माणूस क्रियापद आधीच समोर आपटतो आणि कोण, काय, कुठे ते मागाहून सांगतो. इथे दोन टोकं. पण माणसं मोजायची वेळ आली की दोन्हीकडे वस्तूंची मोजणी चालत नाही, आपल्या दोघं-तिघं-चौघांसारखी काहीतरी वेगळी सोय असतेच. आयरिशमध्ये भूक, लाज, दुःख माणसाच्या अंगावर येऊन बसतात. याला कोरियन जोडी सापडली नव्हती, तेवढं पान डावीकडे कोरं होतं.

उजवीकडे कोरं असलेलं पान मात्र तिला सलत होतं. ते आदराचं पान. कोरियनमध्ये समोरच्याचं वय कळल्याशिवाय वाक्याचा शेवटच करता येत नाही, म्हणून पहिल्या भेटीतच वय विचारून मोकळं व्हायचं. वान्दोच्या शेवाळाच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी शेजारच्या बाईने तिला वय विचारलं, आपण चार वर्षांनी मोठ्या आहोत हे पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सांगून टाकलं, "आता मी बोलणं खाली ठेवते हं. आजपासून मी तुझी थोरली बहीण." बोलणं खाली ठेवणं म्हणजे आदर उतरवून एकेरीवर येणं. त्या दिवसापासून ती बाई ह्वा-सुकवर हक्काने डाफरू लागली आणि डब्यातला मासाही हक्काने वाढू लागली. इथे बोलणं खाली ठेवायचं म्हणजे इंग्रजी खाली ठेवायची, हे ह्वा-सुकला कळलं होतं. पण ते थोरल्याने ठेवायचं असतं.

"मला एकदा तरी सासूबाईंनी आयरिशमध्ये रागवायला हवंय," ती नवऱ्याला म्हणाली.

कोलमन पोट धरून हसला. "अगं, तिच्या तोंडातून सुटायला लोक देवापुढे मेणबत्त्या लावतात, आणि तू!"

गेल्या हिवाळ्यात म्हातारी छातीच्या दुखण्याने दोन महिने इस्पितळात होती. ह्वा-सुक रोज उशाशी. ग्लानीत बाब सगळ्यांना आयरिशमध्ये हाका मारी, मेलेल्या बहिणींना, विकलेल्या गायीला. डोळे उघडून ह्वा-सुक दिसली की इंग्रजीत म्हणे, "तुम्हाला उगीच त्रास." डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं होतं. ही बाई मला पाहुणी समजतच मरणार, असं ह्वा-सुकच्या मनात आलं आणि बाहेर जाऊन ती रडली.

बाब घरी आली. एप्रिलमध्ये सोर्चाला नऊ वर्षं पूर्ण व्हायची होती, आणि कोरियन रीतीने वाढदिवसाला शेवाळाचं सूप हवंच. त्यांच्या वाट्याच्या किनाऱ्यावर वादळांनी खडक धुऊन काढले होते. म्हणून मोठ्या ओहोटीच्या दिवशी ह्वा-सुक विळा घेऊन चार पावलं पुढे गेली आणि शेजारच्या फेस्टीच्या खडकावरून शेवाळाची टोपलीभर लांब पानं कापून आणली. वान्दोला किनारा सगळ्या गावाचा. सगळ्यांनी मिळून दिवस ठरवायचा आणि कापायचं. इथे प्रत्येक घराचा किनाऱ्यावर ठरलेला वाटा असतो. त्याला कुंपण नसतं की पाटी नसते, पण तो सगळ्यांना ठाऊक असतो. आजवर कधी तिकडे जायची वेळच आली नव्हती, त्यामुळे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फेस्टी आला. सत्तरीचा, एकटा राहणारा. बसला, हवेबद्दल बोलला, चहा दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतला आणि मग इंग्रजीत म्हणाला, "त्या मोठ्या खडकावर कुणीतरी येऊन गेलेलं दिसतंय."

"मीच होते ती," ह्वा-सुक आयरिशमध्ये म्हणाली. "सोर्चाच्या सुपासाठी."

फेस्टीचे कान लाल झाले. "अहो, मग काही नाही, काही नाही. शेवाळच ते! तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं." तेही इंग्रजीतच.

ह्वा-सुकला कानफटात बसल्यासारखं झालं. गेल्या साली फेस्टीच्या सख्ख्या चुलतभावाने त्याच खडकावर हात घातला होता, तेव्हा आठवडाभर भांडण पेटलं होतं. आपल्याशी कुणी भांडायलाही तयार नाही.

तेवढ्यात चुलीजवळून कपबशी आदळल्याचा आवाज आला.

"काही नाही काय, फेस्टी?" बाब उठून उभी राहिली होती, आणि बोलत होती ती आयरिश. "चुलतभावाने नेलं तेव्हा अख्खं गाव डोक्यावर घेतलंस, आणि आता दातखीळ बसली? ही काय हॉटेलात उतरली आहे?" मग ती सुनेकडे वळली. "आणि तू! डोळे आहेत का खोबण्या? त्या खडकावर याच्या आजीने कंबर मोडून घेतली. विचारलं असतंस तर जीभ झिजली असती? आमच्या घरातली बाई लोकांच्या खडकावर विळा चालवते! तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

"बाब, तिला कुठे माहीत होतं..." फेस्टी इंग्रजीत पुटपुटला.

"तू गप!"

"चुकलं माझं," ह्वा-सुक म्हणाली. "पण आमच्याकडे किनारा सगळ्यांचा असतो."

"आमच्याकडे! सहा वर्षं झाली, अजून आमच्याकडे?"

हे मात्र ह्वा-सुकला सहन झालं नाही. "तुम्हीच ठेवलंत मला तिकडे! सहा वर्षं मला इंग्रजीत चहा विचारताय. कोंबड्यांशीसुद्धा आयरिशमध्ये बोलता, आणि मी?"

म्हातारीने खुर्चीची पाठ धरली. "ते तर... तुला बरं वाटावं म्हणून."

"मला नाही बरं वाटत."

बाब खुर्चीत बसली. तिला धाप लागली होती. फेस्टीने टोपी हातात फिरवली, खाकरला, आणि दारापर्यंत जाऊन आयरिशमध्ये म्हणाला, "ह्वा-सुक, निम्मी टोपली मला आणून दे. आणि पुन्हा विचारल्याशिवाय गेलीस तर बघ."

दुसऱ्या सकाळी बाब स्वयंपाकघरात आली, केस नीट केले आणि सवयीने इंग्रजीत म्हणाली, "सुप्रभात. झोप लागली ना तुम्हाला?"

ह्वा-सुक ओटची लापशी ढवळत होती. तिने मान वळवली नाही. म्हातारीने पुन्हा विचारलं. ह्वा-सुक ढवळतच राहिली. इंग्रजीला उत्तर द्यायचं नाही असं तिने रात्रीच ठरवलं होतं.

मग म्हातारीची काठी जमिनीवर आपटली.

"ए पोरी, बहिरी झालीस का?" बाब आयरिशमध्ये ओरडली. "लापशी करपतेय तिकडे!"

"करपत नाहीये," ह्वा-सुक म्हणाली. "बसा गप."

आणि अख्ख्या गावाला गप करणारी बाब गुमान खुर्ची ओढून बसली.