लालबागच्या माळ्यावरचं पोस्टर

माझी बायको वसुधा गेल्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून मी या ब्लॉगवर काही लिहिलेलं नाही. जुन्या वाचकांना माहीत आहे, आमच्या सहलींचं ठिकाण ती ठरवायची, तिकिटं मी काढायचो आणि परत आल्यावर लिहायचोही मीच. या वेळचं ठिकाण कुणी ठरवलं असं विचाराल, तर तेही एका परीने तिनेच.

लग्नाआधी वसुधा परळला राहायची आणि एका नृत्यपथकात होती. तेव्हा मुंबईत बॅले जोरात होते. परदेशी नव्हेत, आपल्याच गोष्टी, एकही संवाद न बोलता नाचातून आणि संगीतातून सांगितलेल्या. त्यात ती मागच्या रांगेत असायची. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी एकदा मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "गिरगावापासून लालबागपर्यंत भिंतींवर मी होते. पोस्टरवर." मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "मागच्या रांगेतल्या मुलीला पोस्टरवर कोण घेतं?" ती रागावली नाही. फक्त तो विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही.

गेल्या महिन्यात मेहुणी साताऱ्याला आली होती, तेव्हा तिला त्या पोस्टरबद्दल विचारलं. तिला एवढंच आठवत होतं की बॅलेचं नाव 'दर्यानवरी' होतं आणि पोस्टरं गिरगावात, ठाकूरद्वारच्या मागे एका छापखान्यात निघायची. तेवढ्यावर मी बॅग भरली.

साताऱ्याहून पहाटेची बस धरली तर दुपारच्या आत दादर गाठता येतं. घाटात वाहतूक तुंबली नाही तर. खिडकीची जागा मिळाली, पण पूर्वी ती माझी नसायची, त्यामुळे डोंगर बघायचे हे लक्षातच येईना. दादरहून गिरगावला आता भुयारी मेट्रोने जाता येतं. ज्येष्ठांनी जरूर जावं: गर्दी कमी, गारवा चांगला, सरकते जिने मात्र इतके खोल की वर येताना कानाला जाणवतं. बाहेर आलो तर समोर फुलवाल्या, केळीच्या पानांचे भारे, आणि जुन्या चाळींच्या मधोमध हिरवी जाळी लावून उभे राहिलेले टॉवर. राहण्यासाठी लॉज मिळतात, दीड हजारात स्वच्छ खोली मिळाली. लॉजवाल्याने नोंदवहीत लिहिताना विचारलं, "किती जण?" मी "दोन" म्हणालो आणि मग दुरुस्त केलं.

जेवायला थालीपीठ आणि पियुष घेतलं. पियुष घट्ट होतं, एकट्याला संपेना. आम्ही नेहमी एकच घेऊन दोन चमचे मागायचो.

छापखाना शोधायला दीड तास लागला. तीन जणांनी तीन गल्ल्या दाखवल्या. शेवटी एका वाडीच्या तोंडाशी लग्नपत्रिकांचं दुकान दिसलं, आत पन्नाशीच्या बाई संगणकापुढे बसल्या होत्या. नाव शैलाताई. छापखाना त्यांच्या वडिलांचा.

"बॅलेचं पोस्टर?" त्यांनी चष्मा काढला. "हा शब्द ऐकून किती वर्षं झाली. आता कुणी छापत नाही हो. शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा फ्लेक्स लागतो, आणि त्याचं डिझाइन पोरं फोनवर करून पाठवतात. मी फक्त साइज बघते."

त्यांच्या वडिलांच्या काळात ही पोस्टरं रेशमी जाळीतून हाताने छापली जायची. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी, वेगळा हात. रंग जास्त म्हणजे खर्च जास्त, आणि बॅलेवाल्यांकडे पैसे नसायचे. म्हणून दोनच रंग मिळायचे.

"परब म्हणून एक चित्रकार होते, ते दोन रंगांत तिसरा काढायचे," शैलाताई म्हणाल्या. "निळ्यावर पिवळा असा चढवायचे की मधे समुद्रासारखा हिरवा उतरायचा. बाबा चिडायचे, कारण कागद केसभर सरकला की सगळं फुकट. पण छापून झालं की स्वतःच लांब जाऊन बघत बसायचे."

"परब आहेत अजून?"

"लालबागला. ऐंशीच्या पुढे असतील. थांबा, त्यांच्या सुनेचा नंबर आहे."

फोनवर त्यांनी सगळं सांगितलं, माझी बायको बॅलेत होती हेही. पलीकडून निरोप आला, उद्या सकाळी दहाला या. त्या संध्याकाळी मी चौपाटीवर जाऊन बसलो. इथे एकट्या माणसाकडे कुणी बघत नाही, हे मुंबईचं सोयीचं आहे. दोन तास बसलो तरी एक शब्द बोलावा लागला नाही. चणेवाल्यालाही बोटानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ठाकूरद्वारहून टॅक्सी केली. बसही आहे, पण बदलावी लागते असं लॉजवाला म्हणाला. लालबागला उतरलात की पत्ता विचारायच्या आधी शिंक येते. मसाल्याच्या दुकानांतून कांडपयंत्रं चालू असतात, हवेत मिरचीची पूड तरंगते. घरी नेण्यासाठी मालवणी मसाला इथूनच घ्या, ताजा करून देतात. परबांची चाळ त्या दुकानांच्या मागे, दुसरा मजला, जिन्याला दोर बांधलेला.

दार सुनेने उघडलं, सुप्रियाने. परब खिडकीशी खुर्चीत बसले होते. बारीक, ताठ, अंगात गंजीफ्रॉक. उजवा हात मांडीवर होता आणि सारखा थरथरत होता.

"बसा. चाय येतली," ते म्हणाले. "नाव काय बायकोचं?"

"वसुधा. माहेरची राणे."

"नाव माझ्या ध्यानात राहत नाही. बॅले कुठला?"

"दर्यानवरी."

त्यांनी मान खिडकीबाहेर वळवली. मग म्हणाले, "नाटकाचं पोस्टर कोणीपण करेल. नटाचा फोटो लावा, खाली नाव टाका, झालं. बॅलेत कोण बोलत नाही. म्हणून पोस्टराक बोलूचा लागता. बसमधून माणूस जातो, त्याच्याकडे तीन सेकंद. तेवढ्यात त्याला कळायला पाहिजे, ही मुलगी समुद्राकडे चालली आहे आणि तिला जायचं नाही."

"मग ते काढायचं कसं?"

"हातांत. पाय पुढे, हात मागे." त्यांनी डाव्या हाताने दाखवलं. डावा थरथरत नव्हता. "त्यासाठी समोर कोणी उभं पाहिजे. मुख्य बाई दहा मिनिटं थांबल्या आणि गेल्या, त्यांना वेळ नव्हता. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तीन दिवस, दोन-दोन तास. हलायची नाही."

चहा आला होता, तो हातात धरून बसलो.

"गो सुप्रिया," त्यांनी हाक मारली, "माळ्यावरचा ता भेंडोळा काढ बघू."

सुप्रिया स्टुलावर चढली. जुन्या चादरीत गुंडाळलेली कागदांची गुंडाळी खाली आली. इतर पोस्टरं पाण्याने गेली, परब म्हणाले, गच्ची गळायची. उरलेली पाच-सहा. चौथं उलगडलं तेव्हा त्यांनी मला वरची कड धरायला सांगितलं, खालची सुप्रियाने धरली.

'दर्यानवरी'. अक्षरं लाटेसारखी, प्रत्येक मात्रा फेस फुटल्यासारखी उडालेली. खाली पिवळी वाळू, वर निळं, आणि जिथे दोन्ही एकमेकांवर चढले होते तिथे तो हिरवा. त्यात उभी मुलगी. चेहरा मुख्य नर्तिकेचा, मोठे डोळे, नाकात नथ. तो वसुधाचा नव्हता. मी क्षणभर निराश झालो, हे खरं सांगतो. मग मागे उचललेले हात पाहिले.

लहानपणी पाटा पडून वसुधाच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर बाहेरच्या बाजूला वळलं होतं. शेवटच्या आजारपणात सुईसाठी शीर सापडायची नाही, तेव्हा तो हात मी तासन् तास धरून बसलेलो आहे. पोस्टरवरची करंगळी तशीच वळलेली होती.

"ही तिची करंगळी आहे," मी म्हणालो.

परब पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळले. "मी सरळ काढली होती. पोस्टरात कोण वाकडं बोट काढतो? तिने बघितलं आणि म्हणाली, चेहरा त्यांचा लावा, माझं काही म्हणणं नाही, पण हात माझे आहेत ते माझ्यासारखेच ठेवा. मी परत काढला पूर्ण हात. एक दिवस गेला त्यात." मग ते म्हणाले, "बरोबर होती ती. सरळ बोटाने तो हात खोटा दिसत होता."

नंतर त्यांनी सांगितलं की पोस्टरं गिरण्यांच्या लांब भिंतींवर लागायची. परळच्या एका भिंतीवर ओळीने बारा लावली होती आणि ही मुलगी बसमधून एक थांबा आधी उतरून त्या पोस्टरांसमोरून चालत जायची. पुढे गिरण्या बंद झाल्या, भिंती पडल्या. बॅलेची पथकंही मोडली, चाळीस माणसं पोसणार कोण. परबांनी मग दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आल्यावर त्याही गेल्या.

"लग्न ठरलं म्हणून तिने सोडलं," ते म्हणाले. "नंतर नाचायची?"

"नाही."

"तुम्ही नको म्हटलं?"

"आमच्याकडे कुणी नको म्हटलं नाही," मी म्हणालो. "नाच, असंही कुणी म्हटलं नाही."

त्यांनी मान हलवली. सुप्रियाने माझ्या हातातला गार चहा काढून घेतला आणि न विचारता दुसरा आणून दिला.

मी पोस्टर मागितलं. किंमतही विचारली. "ता मागू नकात," ते म्हणाले, "एकच आहे." त्यांचं बरोबर होतं. मग मला सुचलं ते मी बोलून गेलो: फोटो काढून त्याची प्रत करतो, तिच्यावर वसुधाचा चेहरा काढून द्याल का? फोनमधला तिचा एक फोटो दाखवला, आमच्या शेवटच्या महाबळेश्वर सहलीचा. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हात सांगा, आत्ता डोळे मिटून सांगतो," ते म्हणाले. "चेहरा नाही आठवत. आणि हा चेहरा मी काढला तर तो तुमच्या बायकोचा होईल, त्या मुलीचा नाही होणार."

त्या मुलीचा चेहरा मलाही माहीत नव्हता. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या घरच्या बैठकीच्या खोलीत, पोह्यांची बशी घेऊन, खाली बघताना. मी पोस्टरचा फोटो काढला, परबांना नमस्कार केला आणि निघालो.

परळला ती भिंत शोधत गेलो. जागा सापडली, भिंत नाही. तिथे काचेची इमारत आहे, खाली गाड्यांसाठी दोन फाटकं. पदपथावरून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. रखवालदाराने विचारलं, "अंकल, किसको मिलना है?" कुणालाच नाही, म्हणालो. जवळच बांगड्याची थाळी चांगली मिळते, सोलकढी दोनदा देतात. जेवलो आणि दादरहून चारची बस धरली.

घरी येऊन आठवडा झाला. मसाला सुप्रियाने निवडून दिला होता, तो बरणीत भरला. पोस्टरची प्रत काढायला टाकलेली नाही, भिंतीवर कुठे लावायची ते ठरत नाही. रविवारी मुलीचा कॅनडाहून फोन आला, तेव्हा तिला तो फोटो पाठवला. मुक्ता माझ्यासारखीच, चटकन बोलणारी. पोस्टरवर आई आहे, असं तिला सांगितलं.

"ही आई नाही," ती म्हणाली.

"चेहरा सोड. हात बघ."

तिने फोटो मोठा केला असावा. मग म्हणाली, "करंगळी."

"मी हात ओळखले," मी म्हणालो. "पण असे उचललेले कधी पाहिले नव्हते."

"मीही नाही, बाबा," ती म्हणाली.