उपसलेल्या पायऱ्या

पाचाडला आमची छोटी खानावळ आहे. गडावर जाणारे लोक येता-जाता जेवायला थांबतात. त्यातल्या कुणाच्या गाडीच्या टपावर जाड टायरची सायकल बांधलेली दिसली की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, "त्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" त्यांनी काहीच केलेलं नाही. ते बिचारे पिठलं-भाकरी मागतात. पण माझ्या हातून ताट आपटतं, मग नवरा मला आत पाठवतो आणि स्वतः वाढायला जातो.

तशीच एक सायकल आमच्या मागच्या पडवीत पडून आहे. माझ्या धाकट्या भावाची. ती इथे टाकून तो पुन्हा मुंबईला गेला, घरोघर पार्सलं पोचवतो. परवा एक जण विचारत होता, "मावशी, ही विकायची आहे का?" मी म्हटलं, "जेव आणि नीघ."

माझं माहेर पोलादपूरकडे, उमरठच्या पुढे वर डोंगरात. वाडीला गाडीरस्ता नाही, खालच्या डांबरी सडकेपर्यंत पायवाटच. वाडीतून निघालं की आधी उभा उतार लागतो. त्याला दगडी पायऱ्या होत्या. कुणी बसवल्या देव जाणे, पण पावसाळा संपला की घरटी एक माणूस जायचा आणि हललेले दगड ठोकून घट्ट करायचा. उतार संपला की करंजाच्या झाडाखाली एक सपाट दगड, तो विसावा. माणूस गेलं की तिरडी खाली ओढ्यावर नेताना तिथे टेकवायची, खांदे बदलायचे आणि पुढे जायचं. आजाऱ्याला डोलीत घालून नेताना मात्र तिथे अजिबात थांबायचं नाही, खांदा मोडला तरी. जितं माणूस विसाव्यावर टेकवत नाहीत. लहानपणी खेळता खेळता मी त्या दगडावर बसले होते, तेव्हा आयने पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवतो.

भाऊ मुंबईला कंटाळून घरी आला तेव्हा ही सायकल त्याच्याबरोबर होती. पार्सल घेणाऱ्या कुणा हौशी माणसाने जुनी म्हणून दिलेली. हा रोज डोंगरावरच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी सपाटीवर जायचा आणि तिथून सायकल सोडायचा. व्हिडिओ काढून टाकायचा. ते बघून पुण्याहून दोघे आले, मग त्यांचे मित्र आले. भावाने कुदळ घेतली आणि सड्यापासून सडकेपर्यंत एकसलग वाट करायला घेतली. वळणं दाबली, झुडपं छाटली. त्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. मी माहेरी गेले की मला मागे मागे फिरवत तो सांगायचा, "ताई, हितनं सोडली ना, की ब्रेकला हात लावायचं कामच नाय." वाट सुंदर झाली होती, खोटं कशाला बोलू?

अडचण पायऱ्यांची होती. तिथे सायकली आपटायच्या, आलेल्या लोकांची मजा जायची. पायऱ्या काढतो म्हणून भावाने विचारलं, तेव्हा सगळी वाडी देवळात बसली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पावसात कसं उतरायचं रे?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आणि आमची आय उठली. बायका देवळात बोलत नाहीत, पण ती बोलली.

"तुमची पोरं हायत का हितं? माझं एक माघारी आलंय. त्याला परत धाडू काय? दगडांचं काय घेऊन बसलाव!"

ज्याच्या त्याच्या घरातलं पोर मुंबईत. कोण बोलणार?

भावाने दगड उपसले. काही वळणांना कडेने लावले, बाकीचे रचून सायकलींना उडी मारायला उंचवटा केला. उताराची लाल माती चोपून गुळगुळीत केली. थंडीभर माणसं आली. आय त्यांना तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ करून घालायची. एकाने तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवून फोटो काढला. पदराच्या वर हेल्मेट, आणि तोंडाचं बोळकं उघडून ही हसतेय. तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. काढून टाकवत नाही, आणि उघडून बघवतही नाही.

पावसाळ्यात उतारावरून पाण्याचा लोट आला आणि चाकोरीची घळ झाली. भाऊ म्हणाला, पाऊस गेला की नीट करतो. पाऊस गेलाही. भातं पिकली आणि मी कापणीला माहेरी गेले. त्याच आठवड्यात परतीच्या पावसाने पुन्हा झोडपलं.

अंगणातला पेंढा भिजू नये म्हणून आय तो उचलून आत टाकत होती. पेंढ्यात लाल विंचू होता. हाताला डसला. ती आधी म्हणाली, "जा गो, एवढं काय, विंचूच हाय." थोड्या वेळाने तिला दरदरून घाम सुटला. उलटी झाली. हातपाय बर्फासारखे पडले. विंचवावर सरकारी दवाखान्यात औषध असतं, वेळेत मिळालं तर माणूस वाचतं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भावाने वर धावत जाऊन, रेंज मिळते तिथून फोन लावला. रुग्णवाहिका सडकेवर येऊन थांबणार होती. आयला फक्त तिथवर न्यायचं होतं.

बांबूला सोलापुरी चादर बांधून डोली केली. खांदा द्यायला भाऊ, शेजारचा म्हातारा आणि त्याच्याच वयाचे दोघे. दुसरं होतं कोण? गुरांच्या वाटेने वळसा घालायचा तर दुप्पट वेळ. भाऊ म्हणाला, "माझ्या वाटेनंच जाऊ. मला तिथला दगड न् दगड ठाव हाय." कुणीतरी पुटपुटलं, "दगड हायत कुठं?"

त्या उतारावर पाय ठरेना. चौघे अक्षरशः बसून, ढुंगणावर घसरत उतरत होते. एकाचा पाय घळीत गेला आणि बांबू सुटला. भावाने आयचा सगळा भार छातीवर घेतला. मी बाजूने मुळं धरत, रडत, त्यालाच शिव्या घालत होते. "मेल्या, बघ तुझी वाट! बघ!" तो टाचा चिखलात रोवत खाली सरकत राहिला.

करंजाखाली पोचेपर्यंत म्हाताऱ्यांचे पाय लटलटत होते. भाऊ ओरडला, "थांबायचं नाय! चला!" शेजारचा म्हातारा गुडघ्यावर आला. त्याच्या छातीचा भाता आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. चादरीतून आय बोलली.

"ठेवा रे मला खाली. किती दमलाव."

"आय, तू गप ऱ्हा. हितं नाय ठेवायचं."

"अरे, जीव जाईल त्याचा. ठेव म्हणते ना."

ठेवली. त्या सपाट दगडावर. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मी तिचा हात धरला. तिच्या तोंडाला फेस येत होता. म्हणाली, "पाऊस थांबला का गो?" पाऊस कोसळत होता. मी म्हटलं, थांबला.

पुन्हा उचलली. सडकेवर पोचलो, गाडी उभीच होती. पोलादपूर यायच्या आधी आय गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. त्या माणसाचं काही चुकलं नाही, पण तेव्हा मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

लोक म्हणाले, सडकेला लागूनच ओढा आहे, इथूनच उरकून घेऊ. भाऊ ऐकेना. "घरातनं निघेल ती." गुरांच्या वाटेने तिला वर आणली. मुंबईची माणसं यायची होती म्हणून दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलो. सकाळी भाऊ घरात नव्हता. उताराकडून पहारीचा आवाज येत होता. जाऊन बघते तर तो उडीचा उंचवटा फोडत होता. एकेक दगड छातीशी धरून न्यायचा, बसवायचा, वर उभा राहून हलतो का बघायचा. कुणी अडवलं नाही. मग शेजारचा म्हातारा खाली उतरला आणि दगडाला पाचर धरून बसला. माझा राग तिथेच संपला असं म्हणायला मला आवडेल, पण तो संपला नाही. आदल्या दिवशी हे दगड कुठे होते रे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दुपारी तिरडी त्या पायऱ्यांवरून उतरली. कुणाचा पाय घसरला नाही. आमच्यात बायका विसाव्यापर्यंतच जातात, म्हणून मी मागून चालत होते. भाऊ विस्तवाचं मडकं घेऊन पुढे होता. करंजाखाली आल्यावर खांदेकरी थांबले आणि तिरडी दगडावर टेकवायला वाकले.

भावाने मागे वळून बघितलं.

"ठेवू नका," तो म्हणाला. "आय काल थांबलीय हितं."

खांदे न बदलता ते तसेच पुढे ओढ्याकडे निघाले, आणि आम्ही बायका त्या दगडाजवळ उभ्या राहिलो.